सपाट स्क्रीनवर उभा ब्रॅकेट: ऑटोकॅडमध्ये पहिलं आयसोमेट्रिक ड्रॉईंग

आयटीआयला किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला मिनी ड्राफ्टर आणि ३०-६० चा गुण्या घेऊन आयसोमेट्रिक (वस्तूच्या तीन बाजू एकाच चित्रात दाखवणारं ड्रॉईंग) काढलेली मुलं ऑटोकॅडवर आली की एका ठिकाणी हमखास फसतात. स्क्रीनवर ठोकळा उभा दिसतो, म्हणून त्यांना वाटतं की सॉफ्टवेअरलाही तो उभाच दिसत असणार. त्याला तसं काही दिसत नाही. ऑटोकॅडच्या लेखी तुमचा ब्रॅकेट म्हणजे सपाट कागदावरच्या तिरक्या रेघा. खोली, जाडी, उंची हे सगळं बघणाऱ्याच्या डोळ्यात असतं. पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण इथूनच निघते, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

आयसोमेट्रिकची पद्धत जुनी आहे. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. ते वर्गात यंत्रांची मॉडेलं सुटे भाग जोडून दाखवत, आणि कुठला भाग कुठे बसतो हे मदतनिसांना कळावं म्हणून त्यांना असं चित्र लागायचं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकाच मापाने मोजता येतात, हा तिचा मोठा फायदा. उंची सरळ उभी, बाकी दोन दिशा आडव्याशी ३०° वर. कागदावर या तीन अक्षांच्या दिशेने मोजलेलं माप खरं. इतर कुठल्याही दिशेने मोजलेलं खोटं. हे वाक्य पाठ असू द्या, खाली लागणार आहे.

आपण एक साधा एल-ब्रॅकेट काढू. तळपट्टी ८० लांब, ५० रुंद, १२ जाड. मागच्या कडेला उभी भिंत, तीही १२ जाड, तळापासून एकूण उंची ६०. तळपट्टीच्या भिंतीपुढच्या मोकळ्या भागात मधोमध २० व्यासाचं आरपार भोक, आणि पुढचा उजवा कोपरा १० त्रिज्येने गोल केलेला. सगळी मापं मिमीमध्ये.

आधी व्ह्यू नीट वाचा

माऊसला हात लावण्याआधी दिलेल्या ड्रॉईंगकडे दोन मिनिटं बघा. भारतात फर्स्ट अँगल पद्धत चालते. प्लॅन (वरून दिसणारा व्ह्यू) एलिव्हेशनच्या (समोरून दिसणाऱ्या व्ह्यूच्या) खाली असतो आणि डावीकडून दिसणारा साइड व्ह्यू एलिव्हेशनच्या उजवीकडे काढलेला असतो. अमेरिकन ड्रॉईंग असेल तर थर्ड अँगल, म्हणजे सगळं उलट. शीर्षक चौकटीतलं कापलेल्या शंकूचं चिन्ह बघूनच ठरवा. हे न बघता सुरुवात करणाऱ्याचा ब्रॅकेट उजव्याचा डावा होतो, आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही, कारण चित्र दिसायला झकास असतं.

आपल्या ब्रॅकेटचा डावीकडचा व्ह्यू इंग्रजी एल अक्षरासारखा आहे: भिंत डावीकडे, तळ उजवीकडे पसरलेला. वस्तूचा आकार ज्या व्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त उघड होतो तो आधी काढायचा आणि मग त्याला लांबी द्यायची.

तयारी

नवीन फाईल उघडताना मिलिमीटरची टेम्प्लेट घ्या. तिच्या नावात ‘आयएसओ’ अशी अक्षरं असतात आणि दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतं, ‘सर, ही आयसोमेट्रिकची ना?’ नाही. ती अक्षरं आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची आहेत. टेम्प्लेट उघडली म्हणून आयसोमेट्रिक चालू होत नाही.

ते चालू करायला खालच्या स्टेटस बारवर आयसोमेट्रिक ड्राफ्टिंगचं बटण असतं. दिसत नसेल तर बारच्या अगदी उजव्या टोकाच्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करून यादीतून त्याला टिक करा. जुन्या आवृत्तीत हे बटण नसतं. तिथे कमांड लाईनवर ‘स्नॅप’ टाइप करून एंटर, मग स्टाईलसाठी एस, मग आयसोमेट्रिकसाठी आय, आणि अंतर विचारलं की १०. दोन्हींचा परिणाम एकच: कर्सरच्या दोन रेघा काटकोन सोडून तिरक्या होतात. त्या तिरक्या झाल्या नसतील तर पुढे जाऊ नका.

आता तीन बटणं. एफ८ ने ऑर्थो चालू करा, म्हणजे रेघ ठरलेल्या दिशांनाच जाते. एफ३ ने ऑब्जेक्ट स्नॅप चालू करा, म्हणजे कर्सर आकृतीवरचे बिंदू नेमके पकडतो, आणि त्यात एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर, क्वाड्रंट (वर्तुळ किंवा लंबगोलाची चार टोकं) एवढे निवडा. एफ९ चा स्नॅप मात्र बंद ठेवा. नाहीतर कर्सर दहा-दहाच्या उड्या मारतो आणि १२ ची जाडी घेताना चिडचिड होते.

चौथं बटण एफ५, आणि या कामात ते सर्वात जास्त लागतं. एकेकदा दाबलं की डावी बाजू, वरची बाजू, उजवी बाजू अशी पातळी बदलत जाते. डाव्या पातळीत कर्सर ९०° आणि १५०° च्या दिशेने चालतो, वरच्या पातळीत ३०° आणि १५०° च्या, उजव्या पातळीत ३०° आणि ९०° च्या. ऑर्थो चालू असताना त्या पातळीबाहेरची दिशा मिळतच नाही. ‘सर, रेघ उजवीकडे जातच नाहीये’ ही तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा पातळी चुकलेली असते. कमांड चालू असतानाही एफ५ दाबता येतं, रेघ अर्धवट सोडायची गरज नाही.

एल काढा

एफ५ दाबत डाव्या पातळीवर या. लाईन कमांड घ्या, म्हणजे एल आणि एंटर, आणि स्क्रीनच्या मध्याच्या थोडं खाली क्लिक करा. हा ब्रॅकेटचा आपल्याला सगळ्यात जवळचा, खालचा कोपरा. त्याला अ म्हणू.

कर्सर वर न्या, १२ टाइप करून एंटर. कर्सर डावीकडे वर, ३८. पुन्हा सरळ वर, ४८. डावीकडे वर, १२. सरळ खाली, ६०. आणि शेवटी सी टाइप करून एंटर, म्हणजे आकृती बंद.

इथे एक फुकटची तपासणी मिळते. शेवटची रेघ आपण मापाने काढली नाही, ती आपोआप जुळली. ती बरोबर ५० भरली पाहिजे आणि इतर तिरक्या रेघांना समांतर दिसली पाहिजे. डिस्ट कमांडने तिची दोन टोकं मोजा. ४९ किंवा ५३.७ असं काही आलं तर आधीचा एखादा आकडा चुकला आहे. आत्ताच दुरुस्त करा, पुढे गेल्यावर ही चूक पंधरा रेघांत लपून बसते.

लांबी द्या

सहाही रेघा निवडा, कॉपी कमांड घ्या (सीओ), बेस पॉइंट म्हणून अ कोपरा पकडा. एफ५ ने उजव्या पातळीवर या, कर्सर उजवीकडे वर न्या, ८० आणि एंटर. दुसऱ्या टोकाला तसाच एल उभा राहील. अ च्या जोडीच्या कोपऱ्याला ब म्हणू.

आता कोपरे रेघांनी जोडा. एका एलला सहा कोपरे आहेत, पण जोडायचे पाचच. मागच्या बाजूचा खालचा कोपरा तळाखाली लपतो, त्याची रेघ दिसत नाही. दुसऱ्या एलच्याही दोन रेघा पुसून टाका: तळाची ५० ची आणि मागची ६० ची उभी. मोजून बघा, एकूण १५ रेघा उरल्या पाहिजेत. आयसोमेट्रिकमध्ये लपलेल्या रेघा सहसा तुटक काढतही नाहीत. चित्र समजायला गरज असेल तरच काढतात.

ऑफसेट नावाचा सापळा

ज्यांना ऑटोकॅड थोडं येतं ते इथपर्यंत मनात म्हणत असतील, जाडीसाठी एवढा खटाटोप कशाला, ऑफसेट (दिलेल्या अंतरावर समांतर रेघ काढणारी कमांड) १२ दिलं की झालं! मीही असंच म्हणालो होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात अशाच भिंतीची जाडी मी ऑफसेटने घेतली. डायमेन्शन टाकलं तर १३.८६ आलं. मला वाटलं सॉफ्टवेअर काहीतरी गडबड करतंय. मी तो आकडा हाताने खोडून त्याजागी १२ लिहिला आणि पुढे निघालो. पुढचं प्रत्येक माप दोन-दोन मिलीने सरकत गेलं. शेवटी भिंतीवरचं भोक कडेच्या बाहेर डोकावायला लागलं, तेव्हा सीनियर ड्राफ्ट्समननी मागे उभं राहून विचारलं, ‘काय रे, ऑफसेट मारलंस ना?’

सॉफ्टवेअरची काही चूक नव्हती. ऑफसेट नेहमी काटकोनातलं अंतर धरतं. आयसोमेट्रिकचे अक्ष एकमेकांशी ६०° किंवा १२०° करतात, त्यामुळे काटकोनातले १२ हे अक्षाच्या दिशेने १२ भागिले साइन ६०, म्हणजे १३.८६ होतात. १० चे ११.५५ होतात. म्हणून इथे ऑफसेट विसरायचं आणि समांतर रेघ हवी असेल तर ऑर्थोवर कॉपी करायची.

त्याच कारणाने रेक्टँगल कमांड सपाट चौकोन काढते, कोपरा गोल करणारी फिलेट खऱ्या वर्तुळाची कमान टाकते आणि मिरर उजव्या पातळीची बाजू डाव्या पातळीची करून टाकतो. आणि डायमेन्शनचा आकडा हाताने बदलायची सवय लागली असेल तर ती आजच सोडा, ड्रॉईंग कुठल्याही पद्धतीचं असो.

भोक

वर्तुळ आयसोमेट्रिकमध्ये लंबगोल दिसतं. हाताने काढताना आपण चौकोनात चार केंद्रं धरून चार कमानी जोडायचो आणि तो आकार जवळपासचा असायचा. इथे तंतोतंत मिळतो, आणि मला विचाराल तर ड्रॉईंग बोर्ड सोडून स्क्रीनवर यायला एवढं एक कारण पुरे होतं.

आधी केंद्र. तळपट्टीच्या वरच्या पृष्ठाची पुढची कड घ्या, तिच्या मिडपॉइंटपासून वरच्या पातळीत डावीकडे वर १९ लांबीची रेघ काढा. भिंतीपर्यंतचं मोकळं अंतर ३८, त्याचं निम्मं १९. या रेघेचं टोक म्हणजे केंद्र.

मग एलिप्स कमांड (ईएल), एंटर, आणि आयसोसर्कलसाठी आय. हा पर्याय यादीत दिसत नसेल तर आयसोमेट्रिक मोड बंद आहे. केंद्रावर क्लिक करा. लंबगोल कर्सरला लटकत असतानाच त्याच्याकडे बघा: तो पट्टीवर सपाट झोपलेला दिसतोय का? चुकीच्या पातळीत तो कलंडलेल्या बशीसारखा दिसतो. तसं असेल तर एफ५ दाबत राहा, तो तुमच्या डोळ्यांसमोर वळतो. नीट बसला की १० टाइप करा. विचारलेली असते ती त्रिज्या. व्यास द्यायचा असेल तर आधी डी. इथे २० टाइप करणारे खूप भेटतात.

भोक आरपार आहे, मग खालची कड दिसेल का? लंबगोल बरोबर १२ खाली कॉपी करा. वरच्या लंबगोलाच्या आत खालच्याची जी बारीकशी कमान येते तेवढी ठेवा, बाकीची ट्रिमने (टीआर) छाटा. दरवेळी कॉपी करून बघायची गरज नाही. आयसोमेट्रिकमध्ये लंबगोलाचा लहान अक्ष व्यासाच्या ०.७०७ पट असतो, म्हणजे इथे १४.१४. जाडी त्याहून कमी असेल तर पलीकडची कड दिसते, जास्त असेल तर दिसत नाही. आपली १२ आहे, म्हणून सुमारे दोन मिलीची फट दिसते. मोठा अक्ष व्यासाच्या १.२२५ पट असतो. तो २४.४९ भरला म्हणून घाबरू नका, तो तसाच भरायला हवा.

गोल कोपरा

फिलेट चालत नाही हे वर आलंच. ब कोपऱ्याच्या बरोबर वर, तळपट्टीच्या वरच्या पृष्ठाच्या कोपऱ्यापासून वरच्या पातळीत रेघ सुरू करा: पुढच्या कडेवरून डावीकडे खाली १०, मग डावीकडे वर १०. तिथे केंद्र धरून १० त्रिज्येचं आयसोसर्कल. ते दोन्ही कडांना अलगद टेकतं. त्याची एक प्रत १२ खाली घ्या.

वरच्या लंबगोलाच्या उजव्या क्वाड्रंटपासून खालच्याच्या उजव्या क्वाड्रंटपर्यंत उभी रेघ काढा. ही गोलाईची बाह्यरेषा. नवीन मुलं हीच विसरतात आणि कोपरा हवेत तरंगतो. आता ब ची जुनी उभी कड पुसा, टोकदार कोपऱ्यातल्या उरलेल्या रेघा ट्रिम करा, खालच्या लंबगोलातून फक्त पुढच्या कडेला टेकल्यापासून क्वाड्रंटपर्यंतची कमान ठेवा. केंद्र शोधायला काढलेल्या रेघाही काढून टाका. थोडं झूम करून बघा, ट्रिम करताना अर्ध्या मिलीचे तुकडे मागे राहतात.

मापं लिहिणं

डायमेन्शनसाठी अलाइन्ड घ्या (डीएएल), लिनियर नको. लिनियर सरळ आडवं नाहीतर उभं मोजतं, ८० च्या कडेला ६९.२८ सांगतं.

अलाइन्डने आकडा बरोबर येतो, पण एक्स्टेन्शनच्या रेघा (कडेच्या टोकांपासून मापाच्या रेघेपर्यंत जाणाऱ्या) काटकोनात राहतात आणि माप कागदावर चिकटवल्यासारखं दिसतं. म्हणून डिमएडिट (डीईडी), ऑब्लीकसाठी ओ, माप निवडून कोन द्या. कोनाचं कोष्टक पाठ करू नका. त्या रेघा ज्या दिशेने पडायला हव्यात ती दिशा म्हणजेच तो कोन: ३०, ९० किंवा १५०. पुढच्या खालच्या ८० ला ९० द्या, डाव्या बाजूच्या ५० लाही ९०. मागच्या डाव्या ६० ला १५०.

अक्षरं झुकवायला दोन टेक्स्ट स्टाईल करून ठेवा, एकीचा ऑब्लीक अँगल ३० आणि दुसरीचा उणे ३०, आणि त्यांच्यावरून दोन डायमेन्शन स्टाईल. उजव्या पातळीतल्या ८० ला अधिकवाली, डाव्या पातळीतल्या ५० ला उणेवाली. उभ्या मापात हे उलटं होतं: डाव्या पातळीतल्या ६० ला अधिकवाली लागते. पहिल्या दोन ड्रॉईंगमध्ये गोंधळ होईल, मग हात आपोआप जातो.

भोकाला व्यासाचं डायमेन्शन लागणार नाही, कारण ऑटोकॅडच्या मते तो लंबगोल आहे, वर्तुळ नव्हे. लीडर (टोकाला बाण असलेली टिपेची रेघ) काढून त्यावर टक्क्याचं चिन्ह दोनदा, पुढे सी आणि २० टाइप करा; व्यासाचं चिन्ह आपोआप येतं.

तिरकी कड असेल तर काय? समजा भिंतीला आधार म्हणून पातळ रीब द्यायची: तळावर ३० पुढे, भिंतीवर ३० वर. ही दोन टोकं अक्षांवर मोजून खुणा करा आणि जोडा. ४५° चा कोन टाकून रेघ ओढू नका. खरी लांबी ४२.४३, पण डिस्ट त्या रेघेला ५१.९६ म्हणेल. तिरक्या रेघेला अलाइन्ड माप कधीच द्यायचं नाही. तिच्या टोकांचे दोन तीस द्यायचे.

परीक्षा देणाऱ्यांसाठी आणि थ्रीडीवाल्यांसाठी

प्रश्नात आयसोमेट्रिक व्ह्यू किंवा ड्रॉईंग म्हटलं असेल तर आपण काढलं तसं, पूर्ण मापाने. आयसोमेट्रिक प्रोजेक्शन म्हटलं असेल तर आयसोमेट्रिक स्केल लागतं, म्हणजे प्रत्येक माप ०.८१६ पट. स्केल कमांडने शेवटी सगळं चित्र एकदम लहान करता येतं, पण मापं टाकण्याआधी करा.

थ्रीडी मॉडेल करून त्यातून आयसोमेट्रिक व्ह्यू काढणं सोपं नाही का? ब्रॅकेटसाठी आहे, आणि भाग गुंतागुंतीचा असेल तर मी तेच सुचवेन. फक्त ऑटोकॅडमध्ये थ्रीडीवरून फ्लॅटशॉट (मॉडेलचं सपाट टूडी चित्र) घेतला तर मिळतं ते प्रोजेक्शन: ८० ची कड ६५.३२ भरते. पाइपिंगच्या ऑफिसात मात्र टूडी आयसोमेट्रिक आजही रोज लागतं. तिथे पाइप एका रेघेने दाखवतात, चित्र प्रमाणात नसतं, उत्तरेचा बाण असावाच लागतो आणि मापं केंद्रापासून केंद्रापर्यंत लिहितात. पण तिथेही रेघा चालतात त्या याच तीन दिशांनी आणि एफ५ तितकंच लागतं.

विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क शैक्षणिक वापरासाठी ऑटोकॅड मोफत देतं, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्यामुळे सरावाला कुठली तरी क्रॅक आवृत्ती शोधत बसू नका.

सरावाचंच म्हणाल तर याच ब्रॅकेटच्या भिंतीत १६ व्यासाचं आरपार भोक पाडा, केंद्र लांबीच्या मध्यावर आणि तळापासून ४० वर. आधी पातळी बदला. मग कॉपी करण्याआधी कागदावर सांगा, मागची कड दिसेल की नाही. १६ गुणिले ०.७०७ म्हणजे ११.३१, आणि भिंत आहे १२ ची.